मैदानाकडे पाठ

पहिला गोल झाला तेव्हा अंकुशची पाठ मैदानाकडे होती. समोरच्या गॅलरीतले निळ्या-पांढऱ्या जर्सीतले लोक एकदम उठून नाचायला लागले, म्हणून त्याला कळलं की गोल अर्जेंटिनाचा आहे. कोणी मारला, कोणत्या कोपऱ्यात गेला, काही दिसलं नाही. तो हात मागे बांधून लोकांकडे बघत उभा राहिला.

कतारच्या त्या स्टेडियममध्ये गोलच्या मागे उभ्या असलेल्या सुरक्षारक्षकांपैकी तो एक होता. सगळ्यांच्या अंगात एकसारखी जाकिटं. सकाळी सुपरवायझरने रांगेत उभं करून एवढंच सांगितलं होतं, "नजर पब्लिक पर. मुडके देखा, तो कल से मत आना."

आंबागड या आपल्या गावाहून तो गोदामावर पहारा द्यायला या देशात आला होता. वर्ल्डकपसाठी माणसं हवीत म्हटल्यावर त्याने स्वतःहून नाव दिलं. पहिलीच ड्यूटी अर्जेंटिनाच्या मॅचला लागली तेव्हा त्याने घरी फोन केला, कुठे उभा असणार तेही सांगितलं. आई दिवसभर शेजारी-पाजारी सांगत फिरली. वडील फक्त "बरं" म्हणाले.

घरी टीव्ही आला तेव्हा तो सातवीत होता. त्या वर्षी वर्ल्डकप होता. वर्ल्डकप चार वर्षांनी यायचा आणि तोही ऐन रोवणीत. दिवसभर धानाच्या बांधीत वाकून रोपं लावायची आणि संध्याकाळी पायाचा चिखल तसाच ठेवून टीव्हीसमोर बसायचं. मधल्या वर्षांत युरो असे, कोपा असे. देशांची नावं, त्यांचे झेंडे, त्यांची राष्ट्रगीतं हे सगळं तो शाळेत नाही, या स्पर्धांमध्ये शिकला. तुमसरच्या बाजारातून आणलेली निळी-पांढरी जर्सी विटून राखाडी झाली तरी त्याने टाकली नाही. गावात बाकीची पोरं क्रिकेट खेळत. फुटबॉलचं बोलायला त्याला कोणी नव्हतं.

वडिलांशी तर नाहीच. तेजराम शेती करत आणि उन्हाळ्यात जंगलातल्या कामावर जात. एकदा त्यांनी विचारलं होतं, "साऱ्या दुनियेचे झेंडे तुले ठाऊक. आपल्या बांधीचा गट नंबर ठाऊक हाये का?" अंकुशला तो ठाऊक नव्हता. त्यानंतर मॅचबद्दल दोघांत कधी एक शब्द झाला नाही.

पूर्वार्धात समोरचे लोक आणखी तीनदा उठले आणि तिन्ही वेळा हातवारे करत खाली बसले. ऑफसाइड, गोल धरला नाही, त्याने मनाशी म्हटलं. मग उत्तरार्ध सुरू झाला आणि थोड्याच वेळात पाठीमागून, लांबून, एक वेगळाच आवाज आला. विरुद्ध संघाचे, हिरव्या कपड्यांतले लोक त्या बाजूला बसले होते. समोरचे चेहरे थिजले. बरोबरी झाली होती.

त्याची मान आपोआप वळू लागली. जिन्याजवळ सुपरवायझर उभा होता. त्याने मान तिथेच धरली.

पाच मिनिटं झाली असतील, पुन्हा तोच आवाज आला, पहिल्यापेक्षा मोठा. समोर गालांवर रंग लावलेला एक धिप्पाड माणूस मटकन खाली बसला. शेजारच्या बाईने तोंडावर ओढणीसारखा झेंडा ओढून घेतला. मैदान अंकुशपासून चार पावलांवर होतं. बूट चेंडूला लागल्याचा आवाज त्याला ऐकू येत होता. ज्यांच्यासाठी तो इतकी वर्षं जागला, रडला, ते त्याच्या पाठीमागे हरत होते आणि त्याला वळून बघता येत नव्हतं. त्याचे डोळे भरून आले. पुसायला हातही पुढे आणता येईना.

लोक गेले, खुर्च्यांखालचा कचरा उचलून झाला, तेव्हा कुठे तो वळला. हिरवंगार गवत होतं आणि रिकामा गोल. जाळी हलतसुद्धा नव्हती. त्याने तिथूनच घरी फोन लावला.

"तुहे बाबा कापनी सोडून दुपारीच घरी आले," आई म्हणाली. "अजून टीव्हीसमोरच बसून हायेत. घे, बोल."

अंकुशला खरं वाटेना. तेजरामांनी फोन घेतला तसं त्याने घाईने विचारलं, "बाबा, दुसरा गोल कसा झाला? चुकलं कोनाचं?"

"ते मले नाही सांगता येत."

"मॅच नाही पाहिली का?"

"सुरुवातीपासून पाहिली. पन म्या गोलच्या मांगंच पाहून राहिलो होतो. तितं दहा-बारा जन उभे, साऱ्याइचे जाकीट सारखे, साऱ्याइची पाठ आमच्याकडं. तुही माय म्हने, यातला आपला कोन हे कसं समजन? म्या म्हनलो, तो काय, डावीकडून तिसरा."

अंकुश डावीकडून तिसराच होता.

"माहं तोंड तं दिसलंच नसन, बाबा. कसं वळखलं?"

"तोंड कायले पायजे? तू टीव्हीसमोर बसे, मी मांगं खाटेवर. इतके साल तुही पाठच तं पाहत आलो." तेजरामांचा आवाज जरा खाली आला. "खांदे पडले का मले समजे, तुही टीम हारली. आजबी तसंच समजलं."