धुरा

"नकाशा दाखवता येणार नाही," ठाणेदार तिसऱ्यांदा म्हणाले आणि तिसऱ्यांदा त्यांनी टेबलावरची फाइल स्वतःकडे ओढली.

"नकाशा काढला म्हणून माणसाला आठ दिवस कोंडलंय. आणि तो नकाशा त्यालाच पाहू द्यायचा नाही?" वर्ध्याहून आलेले वकील अण्णाजी खुर्चीत बसायलाच तयार नव्हते. "स्वराज्याला सहा वर्षं झाली, साहेब. आरोप तरी कळू द्याल की नाही?"

"कायदाच तसा आहे, वकीलसाहेब. देशाच्या सुरक्षेची बाब असली, की कारण सांगायचं, कागद दाखवायचा नाही."

कारण एका ओळीत मावत होतं. नत्थूजीनं लष्कराच्या दारूगोळ्याच्या डेपोचा नकाशा काढून चारचौघांना दाखवला. खटला नाही, साक्षीदार नाही. वर्षभर आत ठेवायला कायद्याला एवढं पुरत होतं. सुटायची एकच वाट होती, सरकारला पाठवायचा अर्ज, आणि तो आजच जायला हवा होता.

खरी गोष्ट सगळ्या गावाला ठाऊक होती. नत्थूजीचं अर्धं वावर डेपोच्या तारेआड गेलं होतं. उरलेलं दोन पोरांत वाटायचं, म्हणून त्यानं बाप-आज्याच्या रीतीनं अंगणात ज्वारीच्या दाण्यांनी वावर मांडलं. दाण्यांची रेघ म्हणजे धुरा, वावराचा बांध; गोटा म्हणजे चिंच, वाटी म्हणजे विहीर. पण वावराचा धुरा मोजायचा तो चिंचेपासून, आणि चिंच तर तारेच्या आत. मग ओघानं तार आली, तारेआतल्या दारूगोळ्याच्या कोठ्या आल्या. अर्धंच वावर कसं मांडायचं, ते काही त्याला जमलं नाही. कुणाची तरी जीभ वळवळली, दुसऱ्या दिवशी शिपाई आला, दाण्यांवरून कागदावर चित्र उतरवलं आणि नत्थूजीला घेऊन गेला. दाणे कोंबड्यांनी खाल्ले.

आता नत्थूजी बाकावर बसला होता. त्याची बायको गोपिका दाराशी उभी राहून पदराची गाठ बांधत होती, सोडत होती.

"साहेब, त्या कोठ्यायची रेती आमच्याच बैलबंडीनं गेली," ती म्हणाली. "गावातलं शेंबडं पोरगं सांगते, कोनती कोठी कुठी हाय ते. साऱ्यायलेच बंद करता काय?"

"बाई, त्या कोठीत एक ठिणगी पडली, तर पयले तुमचंच गाव उडन," ठाणेदार म्हणाले. "कोन कुठून पाहून राह्यला, मले काय मालूम? झोप लागत नाई मले."

ते खोटं बोलत नव्हते. माणूस वाईट नव्हता, आणि हीच तर पंचाईत होती. वाईट असता, तर अण्णाजींना भांडायला सोपं गेलं असतं.

ठाणेदार थोडा वेळ फाइलीवर बोटं वाजवत राहिले. मग उठले, दार लोटलं आणि कागद बाहेर काढला. "दोन मिनिटं. मी दाखवला नाही, तुम्ही पाहिला नाही."

नत्थूजी कागदावर वाकला. उलटा धरून पाहिला, सुलटा धरून पाहिला.

"हे आमचं वावर नोय," तो म्हणाला.

"बस! पुढं एक शब्द बोलू नका." अण्णाजी पहिल्यांदाच खुर्चीत बसले आणि भराभरा लिहू लागले. हा नकाशा खोटा आहे. डेपोची मला काहीही माहिती नाही. नकाशाच खोटा, तर गुपित फुटलं कुठं? ठाणेदारांचाही जीव भांड्यात पडला. "मी तसाच शेरा मारतो. पंधरा दिवसांत घरी," असं म्हणत त्यांनी स्वतःच शाईची डबी पुढं केली. गोपिका भिंतीकडे तोंड करून रडू लागली.

नत्थूजीनं अंगठा शाईवर टेकवला आणि तसाच हवेत धरला.

"हा कागद जाईन कुठी?"

"अर्ज आणि हा नकाशा, दोन्ही नागपूरला, सरकारकडे."

"मंग फाडतीन?"

"सरकारी कागद कोणी फाडतं का? शंभर वर्षं राहील," अण्णाजी म्हणाले.

"अन् शंभर वर्सं त्याच्यात आमची विहीर शेजारच्या बंडूजीच्या वावरात?"

"अहो, खाली लिहिलंय ना, खोटा आहे म्हणून!"

"खरा कोनता, ते कुठी लिवलं? उद्या तार निंगन, पोरं वावर मागाले जातीन, तवा सरकार हाच कागद काढन. अन् माया अंगठा सांगन का मले मायीत नाई." त्याचा आवाज चढला. "धुऱ्याच्या भांडनात चाळीस वर्सं पंच बसलो मी, वकीलसाहेब."

"अवो, द्या ना अंगठा!" गोपिका ओरडली. "धुरा कोनी पळवून नाई राह्यला!"

"पळवला ना. अर्धा पळवला."

त्यानं अंगठा धोतराला पुसला आणि टेबलावरची पेन्सिल उचलली. अण्णाजींनी त्याचं मनगट धरलं. "नत्थूजी, वर्ष जाईल." ठाणेदार खिडकीकडे वळले आणि गजांना धरून उभे राहिले. "ठेवा ती खाली, बाबाजी," ते हळूच म्हणाले. "हात जोडतो."

नत्थूजीनं मनगट सोडवून घेतलं. चिंच खोडून अलीकडे आणली, विहीर पलीकडे नेली, आणि मग पेन्सिलीचं टोक कोठ्यांवर गेलं.

"साहेब, तुमच्या मानसानं कोठ्या चारच काढल्या," तो म्हणाला. "सहा हायेत."