दोघांत एक गाऊन

"कोणी विश्वास ठेवणार नाही, अवनी, पण अमेरिकेत आमदार झालेली ही भार्गवी आणि मी सांगलीच्या कोर्टात एकत्र वकिली करायचो. दोघांत काळा गाऊन एकच! तिची केस संपली की तोच चढवून मी उभा. ढगळ होता, सारखा डाव्या खांद्यावरून घसरायचा. बघ, बोलण्याआधी अजूनही ती नसलेला गाऊन सावरते."

इथे नेदरलँड्समधल्या बेस्ट गावातल्या आमच्या घरात नात मोबाइलवर भार्गवीचं भाषण बघत होती. "एख्त, आजोबा?" तिने डचमध्ये विचारलं. खरंच का?

मी मान डोलावणार, तेवढ्यात ओट्यापाशी उभ्या माझ्या बायकोने रिकामाच डावा खांदा सावरला आणि ती म्हणाली, "अहो, थापा पुरे. गाऊन माझा होता. तुम्ही आम्हा दोघींचा डबा घेऊन यायचात."