नेटवर्क कार्डाचे दोन तुकडे

संग्रामपुरातल्या माझ्या कॉम्प्युटर दुरुस्तीच्या दुकानात भर दुपारी प्रतिमा मॅडमच्या जुन्या कॉम्प्युटरवर लिनक्स टाकत होतो. नेटवर्क कार्ड चालवणारा प्रोग्राम, म्हणजे ड्रायव्हर, काही केल्या बसेना.

"अकीलभाऊ, राहू द्या," मॅडम म्हणाल्या.

"काऊन? मी हार मानत नसतो."

विजेची वायर उपटली, कार्ड काढलं आणि त्याचे सोनेरी दात खोडरबरानं घासले. तेवढ्यात हातातल्या कार्डाचा हिरवा दिवा लुकलुकू लागला.

मॅडम दारापर्यंत मागे सरकल्या.

"मले भेव दाखवतं काय बे?" म्हणत मी ते टेबलाच्या कडेवर मोडलं.

एक तुकडा लुकलुकून थांबला. मग दुसरा लुकलुकला. त्याच्यावर तर दिवाच नव्हता.

मी हातोडी उचलली. "आनखी कोन हाय तुमचं? बोलवा!"

मागे भंगाराच्या खोक्यात वर्षानुवर्षं पडलेली सगळी कार्डं एकदम लुकलुकली.