सातवा वासा

"हा पाचवा," थोरली जाऊ पायरीवर मटार सोलता सोलता म्हणाली. "अगं, फळी बदलायचीय की जावई शोधायचाय?"

धाकटी हसली नाही. फाटकातून आत येणाऱ्या सुताराला तिने निरखून पाहिलं. तोंडाकडे नाही, पायांकडे.

काम तसं किरकोळ होतं. दुमजली घराच्या छपराला, वाशांच्या टोकांवर ठोकलेली लांब फळी सडली होती आणि वळचणीखालच्या फळ्याही पोखरल्या होत्या. गेल्या वर्षी ती लेकीच्या बाळंतपणाला गेली असताना नवऱ्याने कुणाकडून तरी डागडुजी करून घेतली होती. कोण, कुठला, तिला ठाऊक नव्हतं, आणि सांगायला आता नवराही नव्हता. पन्हळीतला पाला काढताना शिडीवरून त्याचा पाय घसरला, असं सगळे म्हणाले. तीही तसंच म्हणायची.

त्यानंतर दिराने सैल फळी ठोकून दिली आणि तिने सगळ्या कडेला एकसारखा रंग लावून घेतला. कुठे काय सडलंय, ते खालून ब्रह्मदेवालाही सांगता आलं नसतं.

आधीच्या चौघांची रीत एकच. लांब काठी घ्यायची आणि या टोकापासून त्या टोकापर्यंत फळी ठोकत, कान देत जायचं. पोकळ आवाज आला की तिथे खूण. चौघांनाही तिने चहा पाजला आणि "कळवते" म्हणून वाटेला लावलं. दुःखाने हिचं डोकं फिरलंय, अशी जावेची खात्रीच झाली होती.

पाचव्याने काठी मागितली नाही.

"या भागात पहिल्यांदाच येतोय," तो म्हणाला. "साहेब?"

"नाहीत."

तो जरा सैलावला. भिंतीशी आडवी ठेवलेली घरचीच शिडी त्याने उचलली. "फरशी फार गुळगुळीत आहे हो. पाय सरकतील हिचे."

"मी धरते. चढा तुम्ही."

जाऊ भांडं घेऊन उठली. आत जाता जाता तिच्या कानाशी पुटपुटली, "नीट करून घे बाई. ही माणसं काम उरकतात आणि हात झटकून मोकळी होतात."

"माहितेय," ती म्हणाली.

शिडी मधोमध लावायची सोडून त्याने ती चांगली चार हात डावीकडे टेकवली. तिने दोन्ही हातांनी शिडी घट्ट धरली. तो चढत चढत पार वर पोचला.

"बाई, एक सांगून ठेवतो," त्याने वरून हाक दिली. "तिकडे मधोमध, सातव्या वाशापाशी, कधी शिडी टेकवू नका. वरून चकचकीत दिसतंय, पण आत नुसता भुसा आहे. जीव जाईल एखाद्याचा."

त्याने अजून तिथे बोटही लावलं नव्हतं.

तिला वासे मोजायची गरज नव्हती. सातव्याच्या बरोबर खाली फरशीला तडा गेला होता, आणि आठ महिने ती रोज सकाळी तो झाडत होती.

"एवढंच त्या वेळी ह्यांना सांगायचं होतंत," ती म्हणाली.

वर त्याने पन्हळीची कड पकडली. मग आवाज आला, "शिडी धरलीय ना, बाई?"

तिने दोन्ही हात काढले, आणि झटकले.