दोन घरांची शांतता

व्हायोलावाले लवकर घुसले, हे तिला पहिल्याच सुराला कळलं.

उद्या नव्या ऑपेराचा पहिला प्रयोग होता. आज सकाळची ही शेवटची तालीम, त्यामुळे पोशाख, दिवे, साठ वादक, सगळं जिथल्या तिथे आणि न थांबता. सहाव्या रांगेत ती मांडीवर नवऱ्याची मूळ वही उघडून बसली होती. ऑपेरा नवऱ्याने रचलेला. त्याच्या वहीतून प्रत्येक वाद्याचा कागद वेगळा उतरवून काढायचा, हे काम तिचं. हल्ली ते यंत्रावर होतं, पण संगीतकार साहेबांना यंत्राचं अक्षर डोळ्यांसमोर नको असतं. बायकोचं चालतं. ते वीस-बावीस वर्षं चालत आलंय. त्याआधी ती स्वतः व्हायोलिन वाजवायची आणि बरी वाजवायची. पण एका घरात दोन वाजवणारे कशाला, आणि त्याचा कान तर लाखात एक, असं तिचं तिनेच ठरवून टाकलं होतं.

दुसऱ्या अंकात आई आपल्या मुलीचं प्रेत ओळखायला येते. कागदावर सूर घराघरांत मांडलेले असतात, चार ठोक्यांचं एक घर. इथे व्हायोलांनी, म्हणजे व्हायोलिनच्या या थोरल्या, जाड आवाजाच्या बहिणींनी, तेरा घरं गप्प राहायचं होतं. बाकीची वाद्यं एकामागून एक थांबत जातात, अकराव्या घरात शेवटचं थांबतं, आणि उरलेली दोन घरं फक्त आईचा आवाज.

ही जागा सुचली त्या दिवशी तो स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभा राहिला होता. डोळे भरलेले.

"त्या दोन घरांत कुणी श्वाससुद्धा घ्यायचा नाही," तो म्हणाला होता. "आजवर एवढंच एक खरं लिहिलंय मी."

तिच्यामागे दूध उतू गेलं होतं, तरी ती हलली नव्हती.

आणि त्याच जागी, व्हायोलांच्या कागदावर, तिने तेराऐवजी अकरा लिहिलं होतं. डोळ्यांत तेल घालून चारशे पानं उतरवली आणि नेमकी इथे माती खाल्ली. आईने पहिला सूर लावला न लावला तोच आठ व्हायोला तिच्या अंगावर आल्या.

तीन रांगा पुढे नवरा बसला होता. आता हा उठणार. हात वर करणार, सगळ्यांसमोर आपली बिनपाण्याने करणार, आणि घरी गेल्यावर आठ दिवस अबोला. करू दे, तिला वाटलं. ओरड, पण लवकर ओरड.

तो उठला नाही. त्याचे डोळे मिटलेले होते आणि मान डोलत होती. व्हायोलांच्या ठेक्यावर डोलत होती.

अंक संपला. वाद्यवृंदाच्या संचालकांनी छडी खाली ठेवली आणि पानं मागे उलटली.

"एक विचारायचं होतं," ते जरा अडखळत म्हणाले. "आई येते तिथे व्हायोला लवकर आल्या का? माझ्या प्रतीत तेरा घरं आहेत."

व्हायोलावाल्यांतला एक जण कागद उंच धरून म्हणाला, "आमच्याकडे अकरा आहेत."

सगळे संगीतकाराकडे बघू लागले. तीही. त्याच्या कपाळावर एक आठी जरी दिसली असती तरी तिने धावत जाऊन त्याचे पाय धरले असते.

"लवकर? छे, छे," तो हसला. "तिथे खटकायलाच हवं. आई बोलते आणि जग तिला बोलू देत नाही. तेच तर मर्म आहे त्या जागेचं."

"मग माझ्याकडे तेरा कशी?"

"जुनी प्रत असेल." त्याने मागे न वळताच तिच्या दिशेने हात केला. "लिहिलंय सगळं हिने. हिलाच विचारा."

साठ वादक, आठ गाणारे आणि काळ्या पोशाखातली ती आई, सगळ्यांच्या नजरा तिच्यावर येऊन थांबल्या. आई बनलेली गायिका तर अशी बघत होती की जणू तिची ती दोन घरं कुणी परत देणार असेल तर ते आत्ताच.

मांडीवरच्या वहीत नवऱ्याच्या ठसठशीत अक्षरात तेरा लिहिलेले होते. वही नुसती वर धरायची खोटी. साठ माणसांना कळलं असतं की याला स्वतःचंच ऐकू येत नाही. तिला तर कळलंच होतं. तिला त्याची लाज वाटली, आणि त्याहून जास्त स्वतःची.

"हो," ती म्हणाली. "तुमची प्रत जुनी आहे. व्हायोलांचा कागद बरोबर आहे."

संचालकांनी मान हलवली, पेन्सिल उचलली आणि आपल्या प्रतीत तेराचे अकरा केले. गायिकेने नजर खाली वळवली. वादक चहाला उठले.

सभागृह रिकामं होईपर्यंत ती बसून राहिली. मग तिने मूळ वहीतल्या त्या तेरावर काट मारली आणि वर अकरा लिहिलं, अगदी त्याच्या वळणाने. ते तिला आता त्याच्यापेक्षाही चांगलं जमत होतं.

बाहेर वार्ताहर थांबले होते. मंचामागून तिकडे जाता जाता तो तिच्यापाशी थबकला.

"काय गं, चुकलं होतं का काही?"

"तुमच्या वहीत एका ठिकाणी चुकलं होतं. सुधारलं मी."

त्याने वहीकडे पाहिलंही नाही. तिच्या खांद्यावर थोपटलं आणि कौतुकाने म्हणाला, "तुझ्या नजरेतून काही म्हणून सुटत नाही."