मध उकळणारी काकू

मुलांनो, डोळे मिटा आणि वास घ्या : आलं, लवंग, दालचिनी आणि उकळता मध. आठवला ना काढा? शाल्मलीलाही तोच आठवला आणि ती थेट पलंगाखाली शिरली.

तान्याकाकू लग्न होऊन रशियाहून महाबळेश्वरला आली, त्यानंतरचा हा पहिलाच हिवाळा. तिची आई थंडीत करायची ते स्बितेन, म्हणजे मध-मसाल्याचं गरम पेय, सगळ्यांना पाजायचं म्हणून ती सकाळपासून खपत होती.

"कोण आजारी आहे?" आजोबांनी विचारलं.

"कोणी नाही. हे मजेसाठी पितात."

"काढा? मजेसाठी? मी ठणठणीत आहे गं बाई!" आजोबांनी पेला दूर सरकवला.

"मलाही खोकला नाही," बाबा घाईने म्हणाले.

पलंगाखालून शाल्मलीला काकूचे फक्त पाय दिसत होते. ते बराच वेळ जागचे हललेच नाहीत. शाल्मलीला राहवेना. ती बाहेर आली, नाक चिमटीत धरून तिने एक घोट घेतला आणि नाक सोडून दिलं. कडू कुठेच नव्हतं! मधाच्या गोडीमागून मिरी हळूच चुणचुणत होती.

"आजोबा, पिऊन तर बघा!"

आजोबांनी घोट घेतला, मिशा चाटल्या आणि पेला पुन्हा पुढे केला. बाबांनी दोन पेले संपवले. काकूला हसू आवरेना.

पातेल्यात शेवटचा पेलाभर उरला तेव्हा आजोबा साळसूदपणे म्हणाले, "हा आता खोकला असेल त्यालाच."

शाल्मलीने पेला पुढे धरला आणि ती जोरजोरात खोकू लागली.