हसण्याचा रकाना

जिल्हा रुग्णालयाच्या खरेदी विभागात वनिता घोलप एक्सेलमध्ये प्रश्नावली तयार करत होती. प्रयोगशाळेत वाढवलेली स्वरयंत्रं कुणाकडून घ्यायची, हे ठरवायला बारा कंपन्यांना एकदम दोनशे प्रश्न जायचे होते.

समोर दामाजी खैरे बसले होते. तीस वर्षं कांद्याचे लिलाव पुकारणारा त्यांचा गळा कर्करोगाने गेला होता. या रुग्णालयातलं पहिलं स्वरयंत्र त्यांनाच बसायचं होतं. त्यांनी मोबाइलवर लिहून दाखवलं, "ताई, मोठ्याने हसता येईल का, तेवढं विचारा."

वनिताने तो प्रश्न शेवटी घातला. उत्तरासाठी 'हो किंवा नाही' निवडताना ती थबकली.

"हो तर सगळेच म्हणतील, काका," असं म्हणून तिने तिथे 'ध्वनिफीत जोडा' केलं आणि फाइल कंपन्यांसाठी पोर्टलवर चढवली.

आठवड्याभरात उत्तरं आली. अकरा कंपन्यांनी तो रकाना कोराच ठेवला होता. बारावीने फीत जोडली होती. वनिताने खैरेंना बोलावून ती लावली. नवं स्वरयंत्र बसवलेली एक बाई नवऱ्याची फजिती सांगत होती आणि सांगता सांगताच खो खो हसत सुटली.

खैरेंचे खांदे आवाजाविना गदगदू लागले. डोळे पुसत त्यांनी लिहिलं, "माझ्या गळ्याचं माप कधी घेताय?"